बालवयातील कुस्ती : हित किती, अनहित किती ?

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या तुळिंज येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 आम्ही विद्वान नव्हे, वैद्य नव्हे, आणि नावाजलेले मल्ल तर नव्हेच नव्हे. उमेदीची काही वर्षे तालमीत काढली, पुढे संसाराच्या मागे धावता धावता जोर-बैठका सुटल्या, एवढीच आमची कुस्तीशी सोयरीक. तथापि आजच्या विषयाची किंमत आम्ही स्वतःच्या घरात मोजलेली आहे. म्हणूनच हे धारिष्ट करीत आहोत.

विषय असा आहे. आपल्या कार्यकारी मंडळापुढे एक सूचना आली आहे. ज्ञातीतील मुलांना पाचव्या-सहाव्या वर्षीच तालमीत घालावे, त्यांच्यासाठी मंडळाने वर्ग चालवावा, आणि दरवर्षीच्या मेळाव्यात आठ, दहा व बारा वर्षांखालील मुलांच्या कुस्त्या लावून विजेत्यांस रोख इनामे द्यावीत, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्या मंडळींचा हेतू गंगोदकासारखा निर्मळ आहे याविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु या सूचनेचा पूर्वार्ध आम्हांस मान्य आहे आणि उत्तरार्ध मान्य नाही. हा भेद का, ते सांगण्यासाठीच आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

प्रथम आपण कोण, कोठून आलो, याचे स्मरण करू. आपल्यापैकी बहुतेकांचे मूळ कऱ्हाड, वाळवा, शिराळा या कृष्णा-वारणेच्या मुलखात आहे. आपले वाडवडील गिरणगावात आले, ते अंगावरच्या कपड्यांनिशी. मात्र येताना लंगोट घेऊन आले. पाळी सुटली की तालमीत जाऊन घाम गाळावा, मारुतीरायाला नमस्कार करून घरी यावे, हा त्यांचा नेम. पुढे जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो विटत गेला, आणि हजारो घरांच्या चुली विझल्या. त्या पडझडीत स्वस्त जागेच्या शोधात आपली कुटुंबे पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे सरकली आणि नालासोपाऱ्याच्या पूर्वेस या तुळिंज गावी विसावली. त्या काळी टेकडीच्या पायथ्याशी शेते होती, खाजण होते. आज तेथे इमारतींना इमारती टेकल्या आहेत. पावसाळ्यात तुळिंज रस्त्यावर गुडघाभर पाणी साचते, आणि उन्हाळ्यात मुलांना चेंडू टाकावयास मोकळी जागा मिळत नाही. अशा ठिकाणी मुलांना मातीचा स्पर्श व्हावा, त्यांच्या हातातील मोबाइल सुटावा, म्हणून तालीम काढावी असे कोणाला वाटले तर त्यात गैर ते काय ? हा झाला सूचनेचा पूर्वार्ध, आणि तो आम्ही शिरसावंद्य मानतो.

आता ही मंडळी ज्या थोर नावाचा दाखला देतात त्याकडे वळू. ते नाव म्हणजे कै. खाशाबा दादासाहेब जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. वयाच्या पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना मातीत उतरविले, हे सर्वश्रुत आहे. पुढे कऱ्हाडचे टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून रक्कम उभी केली. त्या वर्षी खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारतातील व्यक्तीने स्वतःच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. गावी परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आपल्या मुलखाचे हे दैवत आहे, आणि त्या दैवतापुढे आमचेही मस्तक नम्र आहे.

म्हणून लोक म्हणतात, ‘खाशाबा पाचव्या वर्षी उतरले, तर आमचा बाळही पाचव्या वर्षीच उतरला पाहिजे.’ हे वाक्य ऐकावयास गोड आहे. पण थोडा हिशेब मांडून पाहावा. १९५२ साली खाशाबांचे वय सव्वीस होते. पाचव्या वर्षापासून मोजले तर पदकापर्यंत एकवीस वर्षे लागली. त्या एकवीस वर्षांत त्यांनी केवळ कुस्तीच केली असे नाही. धावण्यात व पोहण्यातही ते तरबेज होते. मातीवर वाढलेल्या या मल्लाला १९४८ साली लंडनला गेल्यावर गादीवरची कुस्ती आणि परदेशी नियम नव्याने आत्मसात करावे लागले, आणि बाविसाव्या वर्षी नवे शिकण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. ही तयारी कोठून आली असेल ? आमच्या मते, लहानपणी शरीराला अनेक तऱ्हांनी खेळू दिले आणि मनाला लवकर थकू दिले नाही, तेथूनच आली.

दुसरेही एक पाहावे. गोळेश्वरच्या आखाड्यात त्या काळी पाच-सहा वर्षांची मुले खाशाबांबरोबर आणखीही उतरली असतील. त्यांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत ? जो जिंकला त्याचे चरित्र झाले. जे दुखावले, कंटाळले, सोडून गेले, त्यांची कोठे नोंद नाही. केवळ विजेत्यांकडे बोट दाखवून ‘लवकर सुरुवात, म्हणून यश’ असे म्हणणे म्हणजे पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्याकडे पाहून वाटेत कोणाचे पाय फुटले नाहीत असे म्हणण्यासारखे आहे.

जगातील इतर मल्लांकडे पाहावे, तर दोन्हीकडचे पुरावे मिळतात. आम्ही एकच बाजू सांगून आपली दिशाभूल करू इच्छीत नाही. जपानच्या साओरी योशिदा या मल्ल महिलेला वडिलांनी तिसऱ्या वर्षापासून घरच्याच आखाड्यात शिकविले. त्यांनी २००४, २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळविली. याउलट रशियाचे अलेक्सांद्र कारेलिन तेराव्या वर्षी कुस्तीकडे वळले, आणि त्यांनीही १९८८, १९९२ व १९९६ अशी तीन सुवर्णपदके मिळविली. आपल्याकडच्या साक्षी मलिक यांनी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरुवात केली आणि २०१६ साली रिओ येथे कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळविणारी पहिली भारतीय स्त्री हा मान मिळविला. एक तिसऱ्या वर्षी, एक बाराव्या वर्षी, एक तेराव्या वर्षी. तेव्हा पाचवे वर्ष गाठले नाही तर गाडी चुकली, ही भीती निराधार आहे. कुस्ती ही काही विरार लोकल नव्हे, की दारात लटकूनच पकडली पाहिजे.

एकेका मल्लाची उदाहरणे सोडून पुष्कळांचा एकत्र विचार केला तर काय दिसते ? २०२१ साली गुलिख, मॅक्नामारा आणि हॅम्ब्रिक या तीन संशोधकांनी या प्रश्नावरील ५१ अभ्यासांतील माहिती एकत्र तपासली. त्यांत निरनिराळ्या खेळांतील ६,०९६ खेळाडू होते, आणि त्यांपैकी ७७२ जण जगातील अग्रगण्य. निष्कर्ष मोठा विचारप्रवर्तक निघाला. जे जागतिक पातळीवर पोचले त्यांनी, राष्ट्रीय पातळीवरच थांबलेल्यांच्या तुलनेने, आपला मुख्य खेळ उशिरा धरला होता, बालपणी इतर खेळ अधिक खेळले होते, आणि त्यांची सुरुवातीची प्रगती सावकाश झाली होती. परंतु लहान वयोगटातील विजेत्यांचे चित्र नेमके उलट होते. त्या वयात जिंकणाऱ्यांनी एकच खेळ लवकर धरला होता आणि त्याचाच सराव अधिक केला होता.

बंधूंनो, आमच्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. लवकर घातलेला मुलगा बाराव्या वर्षी खरोखरच जिंकतो. बाप ते डोळ्यांनी पाहतो आणि म्हणतो, ‘बघा, आमचा निर्णय बरोबर होता.’ पण बाराव्या वर्षी जे जिंकवते तेच पंचविसाव्या वर्षी जिंकवीत नाही. बाराव्या वर्षी दोन डाव अधिक ठाऊक असले, किंवा मिसरूड एक वर्ष आधी फुटली, की समोरचा मुलगा चितपट होतो. मुलांत तारुण्याची वाढ कोणास लवकर येते, कोणास उशिरा. एकाच वजनाची, एकाच वर्गातील दोन मुले शरीराच्या परिपक्वतेत दोन-तीन वर्षांनी पुढे-मागे असू शकतात. जो आज हरतो आहे तो केवळ मागाहून पिकणारा आंबा असेल. त्याला आजच ‘तुझ्यात दम नाही’ असे म्हटले, की तो आंबा झाडावरच वाळला म्हणून समजा.

आता शरीराविषयी थोडे. मुलाची हाडे म्हणजे मोठ्या माणसाच्या हाडांची लहान आवृत्ती नव्हे. लांब हाडांच्या टोकांशी वाढीची कोवळी कूर्चा असते आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. तारुण्य सरता सरता ती घट्ट होऊन हाडात मिळून जाते. तोपर्यंत ती जवळच्या स्नायुबंधांपेक्षाही दुबळी असते. ज्या पिळाने मोठ्या माणसाचा सांधा नुसता मुरगळेल, त्याच पिळाने मुलाची ही कूर्चा दुखावू शकते, आणि दुखापत वाईट असली तर त्या हाडाची वाढ वाकडी होण्याचा किंवा खुंटण्याचा धोका असतो. म्हणून खांदा, कोपर, गुडघा यांवर जोराचा पीळ देणारे डाव, मानेवर भार घेऊन पूल करणे, आपल्याहून जड मुलाला उचलणे, या गोष्टी सहा-सात वर्षांच्या मुलाकडून करवून घेऊ नयेत. त्यावर कोणी म्हणेल, ‘मग माती नकोच.’ तसे मुळीच नाही. पडावे कसे, हनुवटी छातीशी घेऊन लोळण कशी घ्यावी, तोल कसा सांभाळावा, समोरच्याचा तोल कसा ओळखावा, हे शिकावयास बालपणासारखा काळ नाही. जो लहानपणी नीट पडावयास शिकला तो जन्मभर पडण्यास भीत नाही. कोलांट्या, दोरीवर चढणे, थोडा मल्लखांब, वाकून चालणे, खेचाखेची, लंगडी, हुतुतू, ही सगळी कुस्तीचीच धाकटी भावंडे होत.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली पालकांना असा सल्ला दिला की, बहुतेक खेळांत मुलाने एकाच खेळास वाहून घेणे पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावे, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती द्यावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांनी, मुख्य खेळापासून मोकळीक द्यावी. त्याच देशातील आणखी एका अभ्यासात असे दिसले की, मुलाचे वय जितके, त्याहून अधिक तास तो आठवड्यात शिस्तीचा खेळ खेळू लागला तर गंभीर दुखापतीचा संभव वाढतो. हा आडाखा आमच्या आयाबहिणींनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूल सहा वर्षांचे, तर आठवड्यास सहा तास. दहा वर्षांचे, तर दहा. पहाटे दोन तास आणि सायंकाळी दोन तास असा मोठ्यांचा नेम सात वर्षांच्या बाळावर लादणे म्हणजे रोपट्याला वडाचे पाणी घालणे होय. रोपटे त्याने वाढत नाही, कुजते.

आता आम्ही त्या गोष्टीकडे येतो, जी सांगावयास जीभ जड होते. आमचे थोरले चिरंजीव सहाव्या वर्षी तालमीत गेले. आम्हीच घातले. तेथील वस्ताद सज्जन होते. त्यांच्याकडे बोट दाखविण्यास आम्हांस जागा नाही. मुलगा चपळ होता, पट काढण्यात तर वाघ. नवव्या वर्षापासून जिंकू लागला. जत्रेत लोक पाठ थोपटू लागले, ती त्याची कमी आणि आमची अधिक. अकराव्या वर्षी एका स्पर्धेत वजन दीड किलो जास्त भरणार असे दिसले. आम्ही काय केले ? दोन दिवस त्याची भाकरी बंद केली. पाणी घोटाघोटाने दिले. भर उन्हात स्वेटर घालून टेकडीवर पळविले. आमच्या सौभाग्यवतींनी रात्री उठून त्याला चोरून दूध दिले, तेव्हा आम्ही त्यांच्यावर संतापलो. मुलगा वजनात बसला, पहिली कुस्ती जिंकला, दुसऱ्या कुस्तीत चक्कर येऊन मातीत बसला. शुद्धीवर आला तेव्हा तो आम्हांस म्हणाला, ‘तात्या, मी हरलो नाही ना ?’ त्याला भूक लागली होती, तहान लागली होती, आणि त्या लेकराला काळजी होती ती आमच्या तोंडाची.

चौदाव्या वर्षी त्याने लंगोट खुंटीला अडकविला, तो पुन्हा काढला नाही. आज तो उत्तम नोकरी करतो, आईबापांस मान देतो, कशास कमी नाही. परंतु कोठे कुस्तीचा फड लागला की तो रस्ता बदलून जातो. आम्ही मुलाला कुस्ती दिली असे आम्हांस वाटत होते. वास्तविक आम्ही त्याची कुस्ती काढून घेतली.

आम्ही एकटेच असे पापी, असे समजून आम्ही स्वतःचे समाधान करू शकलो असतो. पण जगात हेच घडत आले आहे. १९९७ सालच्या अखेरीस अमेरिकेत वजन झपाट्याने उतरविण्याच्या नादात महाविद्यालयीन वयाचे तीन मल्ल सव्वा महिन्याच्या आत मरण पावले, आणि मग तेथील नियम बदलले. २०२४ साली पॅरिसमध्ये आपल्या विनेश फोगाट यांनी रात्रभर प्रयत्न करूनही अंतिम फेरीच्या सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले आणि त्या अपात्र ठरल्या. सगळा देश हळहळला. त्या तर प्रौढ, अनुभवी, वैद्यांच्या देखरेखीखालील मल्ल. मग ज्याला आपली तहानसुद्धा नीट सांगता येत नाही अशा दहा वर्षांच्या मुलाला या तराजूत आपण कोणत्या अधिकाराने घालावे ?

जपानातील एक गोष्ट या संदर्भात सांगण्यासारखी आहे. ज्युदो हा त्यांचा खेळ, त्यांच्या मातीतला, त्यांच्या अभिमानाचा. तेथे प्राथमिक शाळेतील मुलांची एक राष्ट्रीय स्पर्धा भरत असे. २०२२ साली तेथील ज्युदो महासंघाने ती स्पर्धा स्वतः होऊन बंद केली. कारण असे दिले की, पालक व शिक्षक जिंकण्याच्या मागे लागले आहेत, मुलांकडून वजन उतरवून घेत आहेत, आणि त्यात खेळाचा मूळ उद्देशच हरपतो आहे. लक्षात घ्यावे, त्यांनी मुलांचा ज्युदो बंद केला नाही. मुलांच्या डोक्यावरचे राष्ट्रीय विजेतेपद तेवढे काढून घेतले. ज्यांनी जगाला ज्युदो दिला त्यांना हे करण्यात कमीपणा वाटला नाही; मग आपणांस का वाटावा ?

आणि खरे सांगावयाचे तर हे शहाणपण जपानहून आणण्याची आपणांस गरजच नाही. ते आपल्या गावच्या जत्रेत होते. वयस्कर मंडळींना आठवत असेल. दुपारी फड सुरू होई तो पोराटोरांच्या कुस्त्यांनी. हलगी वाजे, दोन चिमुरडी पोरे एकमेकांना भिडत, लोळत, हसत. कोण वर कोण खाली हे फारसे कोणी पाहत नसे. पंच दोघांनाही मूठमूठभर रेवड्या देई आणि दोघेही अंगाची माती झटकीत आईकडे धावत. रेवडीवरची कुस्ती म्हणत तिला. पुढे पोर मोठे झाले की नारळावरची कुस्ती, मग रुपयाची, मग फेट्याची, आणि मिशीला पीळ देण्याचे वय झाले की नेमलेली जंगी कुस्ती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली कोल्हापुरास बांधून पुरे केलेल्या खासबाग मैदानात उतरण्याचे स्वप्न प्रत्येक पोर पाहत असे. पण त्या मैदानापर्यंत जावयाचे तर रेवडीच्या पायरीवरून जावे लागे. आपल्या वाडवडिलांनी मुलांना मातीत लवकर आणले, परंतु हारजीत उशिरा आणली. आपण आज मातीही लवकर आणतो आणि हारजीतही लवकर आणतो, आणि वर त्यालाच परंपरा म्हणतो.

तेव्हा आम्ही मंडळापुढे नम्रपणे पुढील विचार मांडतो. वर्ग अवश्य काढावा. पाचव्या-सहाव्या वर्षापासून मुले घ्यावीत, आणि मुलांइतक्याच मुलीही घ्याव्यात. २०२३ साली सांगलीस पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी यांनी ती गदा उचलली. आपल्या मुलखातील मुलींनी आता ओसरीवर बसून राहण्याचे कारण उरलेले नाही. दहा-अकरा वर्षांपर्यंत वर्गात निम्मा वेळ कुस्तीचा आणि निम्मा धावणे, पोहणे, लंगडी, हुतुतू, मल्लखांब यांचा असावा. पावसाळ्यात हौदा भिजतो, रस्ते तुंबतात. तेव्हा त्या दिवसांत कुस्तीस सुट्टी देऊन दुसरे काही खेळावे. ती सुट्टी निसर्गानेच दिलेली आहे असे मानावे. बारा वर्षांखालील मुलांना वजन उतरविण्यास लावणाऱ्या पालकास, मग तो मंडळाचा अध्यक्ष का असेना, मेळाव्यात बसू देऊ नये. आंतरराष्ट्रीय कुस्ती संघटनेचा सर्वांत लहान वयोगटसुद्धा पंधरा वर्षांपर्यंतचा आहे, आणि त्यात तेरा वर्षांच्या मुलास उतरावयाचे तर वैद्याचा दाखला व पालकांची संमती लागते. आपण त्यांच्या पुढे धावण्याचे काहीच कारण नाही.

हौदा स्वच्छ असावा. मातीत हळद, ताक, लिंबू, तेल घालून ती मुरवावी, वरचेवर खणावी. अंगावर गजकर्ण उठलेल्या मुलास बरे होईपर्यंत घरी ठेवावे, आणि यात त्याने लाज मानू नये. खुराकाच्या नावाखाली कर्ज काढू नये. लहान मुलास घरची भाकरी, डाळ, दूध, अंडे, शेंगदाणे, हिरवी भाजी आणि रात्रीची पोटभर झोप पुरते. बदामाची थंडाई पैलवानाला, बाळाला नव्हे. आणि शाळा बुडवून तालीम नको. खाशाबा कऱ्हाडच्या शाळेत शिकले, कोल्हापूरच्या महाविद्यालयात शिकले, आणि घर गहाण ठेवणारा गुरू त्यांना त्या महाविद्यालयातच भेटला, हे विसरू नये.

राहिली रोख इनामांची गोष्ट. आमचे म्हणणे असे की, तेरा वर्षांखालील मुलांस रोख इनाम देऊ नये. ती रक्कम वाया जाईल अशी चिंता नसावी. ती शिल्लक टाकावी, आणि पंधरा-सोळा वर्षांची झाल्यावरही जी मुलेमुली स्वेच्छेने मातीत टिकून आहेत, त्यांच्या प्रशिक्षणासाठी, प्रवासासाठी, दुखापतीच्या उपचारासाठी ती खर्चावी. खरी गरज तेव्हाच असते. लहानपणी पाठ थोपटणारे शेकडो असतात. सोळाव्या वर्षी गुडघा दुखावून मुलगा घरी बसतो, तेव्हा दाराशी कोणी फिरकत नाही. आपले मंडळ तेव्हा दाराशी यावे. आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी मेळाव्यात कुस्त्या लावाव्यातच, पण त्या रेवडीवर लावाव्यात. रेवड्यांचा खर्च दरवर्षी आम्ही देऊ, एवढा अधिकार मंडळाने आम्हांस द्यावा.

कोणी विचारील, ‘मग लवकर सुरुवात केल्याने तरुण मल्लास लाभ होतो की नाही ?’ आमचे उत्तर असे : लवकर खेळावयास लागल्याने लाभ होतो, लवकर लढावयास लागल्याने होत नाही. अंगाला माती लागण्याचे वय पाच असेल. तराजूवर चढण्याचे वय पाच नव्हे. मुलाने सोळाव्या वर्षी आपण होऊन तालमीचे दार उघडावे, यासाठी सहाव्या वर्षी जे करावे लागते ते करावे. आणि ज्याने ते दार कायमचे बंद होते ते टाळावे.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून आम्ही आपली रजा घेतो. आमच्या नातवाला आता सहावे वर्ष लागले आहे. वर्गाची चर्चा त्याच्या कानी पडली, तेव्हा तो बापाला म्हणाला, ‘बाबा, मला पण मातीत खेळायचंय.’ चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत या विषयावर बापलेकांत एक अक्षरही निघाले नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘तात्या, जाऊ दे त्याला. पण मी सोबत जाणार, आणि तुम्ही त्याला जिंकलास का म्हणून विचारायचं नाही.’ आम्ही ते वचन दिले आहे. आज ज्ञातिबांधवांसमक्ष त्याचा पुनरुच्चार करतो, म्हणजे मोडण्याची सोय राहणार नाही.

मंडळाने आमचे बोल गोड मानून घ्यावेत. उणेअधिक बोललो असल्यास थोरांनी क्षमा करावी आणि धाकट्यांनी त्यातले हिताचे तेवढे घ्यावे. ज्ञातीच्या लेकरांना मारुतीराय बळ देवो, आणि ते बळ सांभाळण्याची बुद्धी आम्हां वडीलधाऱ्यांस देवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही थांबतो.